ठिपका सरकतो कसा

ताई कवळ्या करायची. दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे खिडकीपाशी बसून ती प्लास्टरच्या साच्यावर मेण चढवायची आणि त्या मेणात एकेक दात बसवायची. लग्न तिने केलं नाही. धाकटा भाऊ, त्याची बायको आणि ती, अशी तिघं एका घरात राहायची.

भावाला सगळे गमत्या म्हणत. लग्नकार्यात त्याच्या टेबलावर बसायला लोकांची झुंबड उडायची. लहानपणी एकदा तो ताईच्या वर्गात जाऊन म्हणाला होता, "चल घरी, बाबा गेले." ती अनवाणी धावत आली, तर बाबा भात कालवत बसले होते. त्यांना प्रकार कळला आणि तेही पोट धरून हसले. पोरगं मोठं बिलंदर आहे, असं कौतुकच झालं त्याचं. ताई रडत राहिली म्हणून बोलणी तिलाच बसली.

दवाखान्यातल्या एका जुन्या मासिकात तिने शनीचा फोटो पाहिला. हे कडं खरंच असतं की नुसतं चित्र, असा किडा तिच्या डोक्यात शिरला तो काही निघेना. शेवटी तिने दुर्बीण मागवली. खोकं दारात आलं तेव्हा गमत्या म्हणाला, "ताई, आता या वयात दुर्बीण लावून नवरा शोधणार की काय?" वहिनी ओट्याकडे तोंड करून हसली.

दुर्बीण गच्चीवर उभी राहिली. नळीवर बसवायचं बोटभर लांबीचं एक शोधक यंत्र सोबत आलं होतं. त्यात एक छोटीशी काच होती, आणि त्या काचेत लाल ठिपका दिसायला हवा होता. आकाशात ज्या गोष्टीवर ठिपका ठेवू, तीच दुर्बिणीत दिसली पाहिजे. पण त्याआधी दोघांची नजर जुळवावी लागते, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. ताईने यंत्र खाचेत सरकवलं, स्क्रू आवळला, बटण फिरवलं. ठिपका येईना. बराच वेळ झटापट केल्यावर तिच्या लक्षात आलं, की सेलखालची प्लास्टिकची पट्टी काढायचीच राहिली आहे. पट्टी ओढली आणि ठिपका पेटला. "आलास का बाबा!" ती मोठ्याने म्हणाली.

ऊन होतं तोवरच तिने काम उरकलं. लांबच्या मोबाईल टॉवरचं टोक दुर्बिणीत मधोमध आणलं. टॉवर उलटा लटकलेला दिसत होता. ठिपका मात्र भलत्याच इमारतीच्या टाकीवर बसला होता. नळी न हलवता तिने शोधकाचे दोन बारीक स्क्रू फिरवायला घेतले. एकाने ठिपका डावी-उजवीकडे जायचा, दुसऱ्याने वर-खाली. हळूहळू सरकत तो टॉवरच्या नेमक्या टोकावर येऊन बसला. ती समाधानाने खाली चहा प्यायला आली. गमत्या फेऱ्या मारायला वर गेला.

दिवेलागणीनंतर तिने ठिपका शनीवर ठेवला आणि डोळा लावला. आत काळोख. पुन्हा ठेवला. पुन्हा काळोख.

दुसऱ्या दिवशी पाहते तर ठिपका टॉवर सोडून पार बाजूला गेलेला. तिने पुन्हा जुळवला. संध्याकाळी तेच. असं होतच राहिलं.

"कुणाचा हात लागतो का रे याला?" तिने जेवताना विचारलं.

"तुझ्या नळीला कोण कशाला हात लावतंय?" गमत्या म्हणाला. मग आवाज खाली आणून, "रागावू नकोस ताई, पण हल्ली तुझा हात थरथरतो. चहा देताना पाहिलंय मी."

वहिनी ताटात बघत राहिली.

ताई त्या दिवसापासून आपल्या हाताकडे बघू लागली, आणि आपल्याच हाताकडे सारखं बघितलं की तो थरथरतोच. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डोळे ठणठणीत निघाले. म्हणजे बिघाड हातात आहे, नाहीतर डोक्यात, असं तिने धरलं. दवाखान्यात ती बसवलेले दात उपटून पुन्हा बसवायला लागली. चांगल्या झालेल्या कवळ्या मोडून नव्याने करू लागली. पेशंट ताटकळायचे. डॉक्टर आधी चेष्टेने बोलले, मग चिडून. एक दिवस तीच त्यांना म्हणाली, "डॉक्टर, माझ्या हातांचा आता भरवसा नाही." डॉक्टरांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. ताई घरी बसली.

थोड्या दिवसांनी वहिनीच्या माहेरची माणसं जेवायला आली. जेवण रंगात आलं तसा गमत्या खुलला. "आमच्या ताईची दुर्बीण ऐकलीत का? ही दुपारी जुळवून खाली येते, मी वर जाऊन स्क्रूला एक पीळ देतो. मग रात्री ही शनीला शोधते आणि शनी हिला!" मंडळींना ठसका लागेपर्यंत हसू आलं. वहिनीही हसली. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ताईने वाढता वाढता विचारलं, "मी काम सोडलं, त्या दिवशीही फिरवलास?"

"आता ते माझ्यावर घालू नकोस हं. काम तू वयामुळे सोडलंस."

"ताई, त्यांच्या मनात काही वाईट नसतं हो," वहिनी म्हणाली. "स्वभावच आहे तसा."

सकाळी ताई दवाखान्यात गेली. खिडकीपाशी नवी बाई बसली होती. डॉक्टर बाहेर येऊन अगदी गोड बोलले. "मला पेशंटचाही विचार करायला हवा ना? तुम्हीच म्हणालात, भरवसा नाही." बोलताना त्यांची नजर तिच्या बोटांवर होती.

त्या संध्याकाळी तिने ठिपका टॉवरवर जुळवला आणि अंधार पडेपर्यंत दुर्बिणीपासून हलली नाही. मग ठिपका शनीवर ठेवला. शनी आत होता. इवलासा, पिवळट, भोवती कडं. मासिकातल्या फोटोपेक्षा कितीतरी लहान, पण खरा. तिला आनंद झाला नाही. हे इतकं सोपं होतं, याचाच संताप आला.

गमत्या आणि वहिनी वर आले. "मी हात लावलेला नाही हं, शप्पथ!"

"माहीत आहे. ये गं, तू आधी बघ."

वहिनी वाकली. "अगंबाई! खरंच कडं आहे की! टोपी घातल्यासारखा दिसतो."

"सरक, मला बघू दे," गमत्या म्हणाला.

ताई पुढे झाली, फोकस बघते म्हणून, आणि करंगळीने नळीला हलकंसं ढकललं. गमत्याने डोळा लावला. एक डोळा मिटला, दुसरा लावला, चष्मा काढला, पुन्हा चढवला.

"काहीच नाहीये."

"आहे. हिला दिसला ना? नीट बघ."

"अहो, मला तर एवढा ढळढळीत दिसला," वहिनी म्हणाली.

तो कंबर दुखेपर्यंत वाकून राहिला. ताईने मध्ये पुन्हा शनी आणला, वहिनीला दाखवला, आणि त्याची पाळी येताच पुन्हा करंगळी लावली. पुढच्या संध्याकाळीही तसंच झालं. आता शेजारचेही वर येऊ लागले. सगळ्यांना कडं दिसायचं, गमत्याला काळोख. लोक त्याला हसत, आणि तोही हसायचा, पण प्रत्येक वेळी थोडं उशिरा.

एका संध्याकाळी तो कोणी नसताना वर आला. "ताई, खरं सांग. तू काही करतेस का?"

"तुझ्या डोळ्यांना मी काय करणार?" ती म्हणाली. "वय झालं रे तुझंही."

तो खाली गेला आणि पुन्हा गच्चीवर आला नाही. मंडळी जमली की आता तो आधी दुसऱ्यांचं बोलणं ऐकून घेतो. भाऊजी हल्ली गप्प असतात, असं वहिनीच्या माहेरचे म्हणतात. ताईने त्याला खरं काय ते सांगितलं नाही, आणि सांगायचा तिचा विचारही नाही. दवाखान्यातली जागा गेली ती गेलीच. तिघंही त्याच टेबलावर जेवतात, आणि ताई त्याला वाढताना म्हणते, "सांभाळून रे, हात थरथरतोय तुझा."