सतरा नंबरच्या बरणीचे नाना

आमचे नाना मेलेल्या माशालासुद्धा उकाडा लागू देत नसत. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. मे महिन्यात खानदेशचं आभाळ तवा झालं, की नाना सतरा नंबरच्या बरणीभोवती ओलं गोणपाट गुंडाळत, माठाला गुंडाळतात तसं. विचारलं तर गंभीर चेहऱ्याने सांगत, "थंडा मुलूखना पाव्हना शे, भाऊ. मरेल शे म्हनीसन काय त्याले उकाडामा ठेवानं?"

हा पाहुणा म्हणजे वीतभर लांबीचा, फिकट, लिबलिबीत जीव. डोकं मोठं आणि मागे नुसती निमुळती शेपटी. बोटीवर नोकरीला लागलेल्या कुणा माजी विद्यार्थ्याने तो बर्फाळ समुद्रातून आणून दिलेला. खोकं नानांनीच उघडलं होतं. पुढे मूळ चिठ्ठी गळून पडली, आणि नव्याने आलेल्या विभागप्रमुख सरांनी उभ्या उभ्या एक नजर टाकून दुसरी लावली : 'बेडकाचे पिल्लू'. तेव्हापासून दर प्रात्यक्षिक परीक्षेत सतरा नंबरची बरणी टेबलावर येई आणि मुलं 'बेडकाचे पिल्लू' लिहून सुखाने गुण घेऊन जात.

नाना तापीकाठचे. मासा म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. एकदा त्यांनी अदबीने विचारलं, "सर, पिल्लू वीतभर, तर त्याची माय केवढी हो? म्हशीएवढी?"

सर म्हणाले, "नाना, बरण्या पुसा."

नाना पुसत. पण दर वर्षी एखाद्या विद्यार्थ्याला कोपऱ्यात गाठून म्हणत, "डोया उघाडीसन देख. हाऊ मासा शे." माझ्या वर्षी मी गाठला गेलो, आणि अतिउत्साहात परीक्षेत 'मासा' लिहून आलो. भोपळा! नानांनी मला सायकल स्टँडवर धरलं आणि असे कडाडले, की दोन सायकली आडव्या झाल्या असत्या.

"येडा शे का तू? परीक्षामा बेडूक लिख, पास व्हय. मनमा मासा ठेव!"

मी आज्ञाधारक. पुढे एम.एस्सी. झालो, त्याच विभागात शिकवू लागलो, आणि मासा मनातच ठेवला. सरांपुढे बोलायची छाती कुणाची होती?

मग नानांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. त्याच वर्षी बरण्यांच्या खोलीत संगणक ठेवायचं ठरलं. फेकायच्या वस्तूंची यादी लागली. बेडकाची पिल्लं काय, डबक्याडबक्यात! सतरा नंबर यादीत पहिला. नाना तडक माझ्याकडे आले.

"तू आते सर शेस. सांग ना त्यासले."

"बघू, नाना."

"तू बघ," नाना म्हणाले. "मी दखाडस."

परीक्षेच्या सकाळी त्यांनी बरणी उघडली. तो जीव आत काचपट्टीला दोऱ्याने बांधलेला होता, पाठ बाहेर करून. इतकी वर्षं आम्ही विद्वानांनी त्याची पाठच पाहिली होती. नानांनी दोरे सोडले, त्याला उलटा केला, पुन्हा बांधला आणि बरणी टेबलावर ठेवली. आता समोर पोट होतं, आणि गळ्याखाली शर्टाच्या बटणाएवढी गोल चकती.

बाहेरगावहून आलेल्या परीक्षक बाई सतराशी थबकल्या. चिठ्ठी वाचली, बरणी उचलून उजेडात धरली.

"सर, बेडकाच्या पिल्लाला गळ्याखाली ही चिकटायची चकती कधीपासून फुटली?"

सर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हा स्नेलफिश आहे," बाई म्हणाल्या. "थंड समुद्रात, पार खोल, काळोखात राहतो. अंगावर खवले नाहीत, सगळं जेलीसारखं. याच्याही पुष्कळ जाती आहेत; पंखातले काटे मोजल्याशिवाय हा नेमका कोणता, ते सांगता यायचं नाही. आपल्याकडे हा बघायला तरी कुठे मिळतो?"

"मॅडम, तो फेकायच्या यादीत आहे," कुणीतरी बोललं. तो आवाज माझा होता, हे मला जरा उशिराच कळलं.

"यादीतून काढा," सर पुटपुटले. मग दाराकडे वळले. "नाना, हा उलटा कुणी बांधला?"

"दोरे सडले होते, सर," नाना इतक्या भोळेपणाने म्हणाले, की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

निरोपाच्या दिवशी मी नवी चिठ्ठी लिहायला बसलो. शेवटच्या ओळीत 'ओळखणारे' असं लिहून पुढे नानांचं नाव घालणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाईसनी सांगं ना, यामा बी कैक जाती शेतस. हाऊ त्यामातला कोनता, ते कोनले माहीत? ती ओळ कोरी सोड."

"पण नाना, ओळखला तुम्हीच."

"हाऊ बेडूक नई, मासा शे, इतलंच मी सांगं. कोरी सोड. कोनी तरी देखी."

नाना आता नाहीत. ती ओळ अजून कोरी आहे. गेल्या महिन्यात सोनगीरहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, इथे काहीच का नाही लिहिलं?"

"तू लिही," मी म्हटलं.

मला वाटलं, हसेल. तिने स्टूल ओढलं, भिंग मागितलं, आणि माशाच्या पंखातले काटे एकेक करून मोजायला बसली.