रिठ्याच्या पाण्यातले पेरोज

दागिने रिठ्याच्या पाण्यात धुवायचे हे आमच्या घरात इतकं पक्कं होतं, की त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. नागपूरला आई दसऱ्याच्या आधी सगळं सोनं तसंच धुवायची. म्हणून त्या रविवारी बायको भाजी आणायला गेलेली पाहून मी रिठे उकळले, पाणी वाफाळतं असतानाच त्यात हार सोडला आणि वर्तमानपत्र उघडलं. हार नुसत्या सोन्याचा असता तर हे लिहायची वेळ आली नसती. तो पेरोजांचा, त्या आभाळी निळ्या खड्यांचा होता. आणि आमचा नव्हता.

राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयाच्या फायलींबरोबर आम्हा कारकुनांनाही भोपाळला धाडलं. फायलींना कपाटं मिळाली. आमच्या क्वार्टरांच्या जागी मात्र अजून विटांचे ढीग होते आणि त्यावर बकऱ्या. मग चौकामागच्या गल्लीत एका विधवा बेगमसाहेबांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बायको त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, त्या तिला दुल्हन. पहिले काही आठवडे बायको रोज संध्याकाळी रडायची. मग एके दिवशी खालांनी तिला हाताला धरून आपल्या तख्तावर नेऊन बसवलं, आणि रडणं थांबलं.

खालांचा शौक एकच, पेरोज. त्या फ़ीरोज़ा म्हणायच्या. एका शिसवी डब्यात अंगठ्या, कर्णफुलं, बाजूबंद, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सासूकडून आलेला सात मोठ्या नगांचा, म्हणजे खड्यांचा, हार. नग थेट इराणातल्या नीशापूरचे. शुक्रवारी दुपारी तो डबा अंगणात यायचा आणि माझ्या बायकोची शिकवणी सुरू व्हायची.

"दिये की रोशनी में दो चीज़ें कभी पसंद मत करना, दुल्हन. फ़ीरोज़ा और दूल्हा."

चांगला नग पाऊस उघडल्यावरच्या आभाळासारखा हवा, हिरव्याकडे जराही झुकलेला नको. चमक काचेची नको, मेणाची हवी. आणि नग पक्का हवा. कच्चा नग तेल, अत्तर, घाम, साबण सगळं पितो आणि हिरवा पडतो. हे मी आतल्या खोलीतून अर्धवट ऐकायचो आणि कचेरीत पूर्ण सांगायचो. पारखी म्हणून माझं बऱ्यापैकी नाव झालं होतं. त्या भरात मी स्वतःही तीन अंगठ्या जमवल्या. पैकी एक रंगवलेल्या हाडाची निघाली, दुसरी काचेची, आणि तिसरीबद्दल खालांनी नुसतं "माशाअल्लाह" म्हणून विषय बदलला.

चैत्रात बायकोने भोपाळमधलं पहिलं हळदीकुंकू केलं. नागपूरहून आलेल्या सगळ्या कारकुनांच्या बायका यायच्या होत्या. खाला दारात येऊन तिला न्याहाळत म्हणाल्या, "महफ़िल तुम्हारे घर, और गले में बस काले मोती?" आणि तो हार स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातला. समारंभात त्यावर हळद पडली, कुंकू पडलं. बायको तो मऊ फडक्याने कोरडाच पुसणार होती. मी तिचे कष्ट वाचवले.

ती परतली तेव्हा हार पंच्यावर वाळत होता. तीन नग होते तसेच निळे. चार नग कैरीसारखे हिरवे.

"अहो, हे काय केलंत?"

"स्वच्छ," मी म्हणालो.

ती पिशवीसकट खाली बसली. "या गावात माझं एकच माणूस आहे हो. आता कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्याकडे?"

तेवढ्यात माझ्यातला पारखी जागा झाला. "थांब! पाणी तेच, वेळ तीच. तिघांना काही झालं नाही. म्हणजे हे चार मुळातच कच्चे! खालांना कुणीतरी फसवलंय. त्यांना सांगितलंच पाहिजे."

मी चपला घालायलाही लागलो. बायको हाराकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "घड्याळ दुरुस्तीला म्हणून गेलं. आलं परत? गालिचा धुवायला गेला, तो आला? संस्थान गेल्यापासून या घरातून वस्तू बाहेरच जातायत. गल्लीतली कुणी बेगम आली की त्या हार झटकन डब्यात का टाकतात, ते मला आत्ता कळलं. त्यांना नाही हो कुणी फसवलेलं."

मी एक चप्पल काढली.

"मग काय सांगायचं?"

"मी सांगते. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा."

खाला पानदान पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. बायकोने हार त्यांच्या ओंजळीत ठेवला आणि एका दमात म्हणाली, "खाला, इन्होंने खौलते पानी में डाल दिया, रीठे के. ऐसे असली नग, सब ख़राब कर दिए इन्होंने."

खालांनी हिरव्या नगांवरून अंगठा फिरवला. एकेका नगावरून, सावकाश. मग मान वर करून बायकोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला राहवेना.

"लेकिन खालाजान, पक्का नग तो पानी—"

बायकोची टाच माझ्या अंगठ्यावर पडली. आणि खाला हसू लागल्या. पदराने डोळे पुसत हसल्या.

"मियाँ, नीशापुरी फ़ीरोज़े थे, काबुली चने नहीं!"

त्यानंतर तो हार डब्यात गेला नाही. कुणीही बेगम येवो, खालांच्या गळ्यात तो असायचाच, आणि चार हिरव्या नगांवर बोट ठेवून माझी गोष्ट सांगितली जायची. दर वेळी पाणी थोडं अधिक उकळायचं. ईदपर्यंत त्यात मी मीठही घातलं होतं. अत्तरवाला विचारायचा, "आज क्या उबाला, बाबू साहब?" क्वार्टर मिळून आम्ही गल्ली सोडली तेव्हा खालांनी बायकोला कर्णफुलं दिली आणि मला बजावलं, की चूल पेटलेली असताना या कर्णफुलांच्या आसपास फिरकायचं नाही. आता मोठ्या रस्त्याने जाताना त्या गल्लीचं तोंड दिसलं, तरी वाटतं कुणीतरी हाक मारून माझी टिंगल करावी.

तेव्हा मात्र मला झोंबायचं. एकदा बायको मेथी निवडत असताना मी उसळलोच. "चार नग कच्चे होते, हे तुला माहीत, मला माहीत, त्यांनाही माहीत. आणि सगळ्या गल्लीत मूर्ख कोण? मी!"

तिने मान वर न करता जुडी सोडली.

"तुम्हाला सवय आहे हो," ती म्हणाली. "त्यांना कशाला लावायची या वयात?"