बैलगाडीत एकच लेकरू

जूनच्या शेवटी आमच्याकडे शाळा उघडते, तेव्हा पहिलीत येणाऱ्या लेकरांना बैलगाडीत बसवून गावातून मिरवायची पद्धत आहे. बैलांच्या शिंगांना फुगे, गाडीला आंब्याची पानं, पुढे ताशा. वणी-मुकुटबन रस्त्यावरच्या माझ्या शाळेच्या गावात पूर्वी एका गाडीत पोरं मावत नसत, पुढे कोण बसणार यावरून भांडणं व्हायची. यंदा पहिलीच्या पटावर एकही नाव नव्हतं. एक तरी नाव आणा, नाहीतर शाळा बंद होऊन पोरं शेजारच्या गावात जातील, असं साहेबांनी मला दोनदा बजावलं होतं.

अख्खा मे महिना मी दारोदार फिरले. उन्हापेक्षा लोकांच्या उत्तरांनीच डोकं तापलं. मारुतीच्या पारावरची मंडळी तर माझी वाटच पाहत असायची. त्यांतले एक आजोबा, मिरवणुकीची गाडी त्यांचीच, रोज तेच ऐकवायचे.

“बाई, तुमीच पोरीईले शिकोलं. आता त्या नोकऱ्या करून राह्यल्या. तिशीत लगन, अन् एका लेकरावर बस. मंग पहिलीत कोन येईन, बकऱ्या?”

त्यांचा धाकटा पस्तिशीचा, बिनलग्नाचा. घरची कपाशी आहे, तूर आहे, पण पोरगी मिळत नाही. पोरी माजल्या, हे आजोबांचं ठाम मत. मी एकदा विचारलंच, “आणि तुमच्या दोन्ही पोरी शेतकऱ्याला दिल्या का हो?” एक नागपूरला, एक पुण्याला, दोन्ही जावई नोकरीवाले. आजोबांनी तंबाखू मळायला घेतली. पारावरच्या प्रत्येकाच्या घरची हीच गत. सून वावरात राबणारी हवी, जावई मात्र पंख्याखाली बसणारा. कोणापुढे डोकं फोडावं?

शेवटी सहा वर्षांची एक मुलगी सापडली. तिची आई माझ्या आधीच्या शाळेतली विद्यार्थिनी, या गावात सून म्हणून आलेली. ती वणीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जाते. नवरा कोळशाच्या ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. मुलगी आजवर आजोळी वाढली होती आणि आता वणीच्या इंग्रजी शाळेत जाणार होती.

मी चिडलेच. “तुला मराठी शाळेनं वाया घालवलं का गं?” आणि तोंड सुटलंच होतं, तर पुढचंही बोलून गेले, “आणि एकीवरच काय थांबलीस?”

ती शांतपणे चहा गाळत म्हणाली, “बाई, तुमाले किती हायेत?”

एकच लेक. तिला वर्गातल्या टेबलाखाली गोधडीवर झोपवून मी चौथीला भागाकार शिकवलाय. दुसरं होऊ दे, असं सासूबाई रोज म्हणायच्या. सांभाळणार कोण, ते कधी बोलल्या नाहीत. हे सगळं विसरून मी पारावरचीच भाषा या पोरीपुढे बोलत होते. मला माझीच लाज वाटली.

“तुमची शाळा चांगलीच हाये,” ती म्हणाली, “पन चारले सुटते. मी येतो साडेपाचले. सासू-सासरे वावरात. वणीले सहा वाजेपर्यंत ठेवून घेतात. दीड तास कोनी पायलं असतं, तं दुसऱ्याचा इचार मीबी केला असता, बाई.”

“मी थांबते तिच्याजवळ,” मी म्हटलं. माझी एसटी पाचला असते, हे मुलीचं नाव पटावर चढल्यावर आठवलं.

मिरवणूक निघाली. नव्या गणवेशातली ती मुलगी एकटी बसायला घाबरली, म्हणून मीही गाडीत चढले. गाडी आजोबाच हाकत होते. पेरणीचे दिवस, तरी पारावर दहा-बारा जण बसलेलेच.

“एकच?” पारावर हशा पिकला. आजोबाही मागे वळून म्हणाले, “तिच्या मायले दुसरं होऊ दे म्हना, बाई.”

मी गाडी थांबवायला लावली. ताशाही थांबला. उभी राहिले आणि वर्गातला आवाज काढला. “होऊ देईल की! तिची आई कामावरून येईपर्यंत रोज दीड तास लेकरू कोण सांभाळतं? हात वर करा!”

कोणी बैलांकडे पाहू लागलं, कोणी स्वतःच्या चपलांकडे. आजोबांनी कासरा घट्ट धरला.

एकच हात वर झाला. गाडीतला. बाईंनी सांगितलं की हात वर करायचा, एवढं तिला अंगणवाडीत शिकवलेलं होतं.