पोलादावरचा जांभळा

कुंभारी रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये फकीरभाईंनी चाळीस वर्षं कोयत्यांना पाणी दिलं. लालभडक पातं पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते घासून पुन्हा मंद आचेवर धरायचं. मग पात्यावर रंग चढतात: गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. ऊसतोडीच्या कोयत्याला जांभळा हवा. तो दिसला की आच थांबवायची; त्याआधी थांबवली, तर पातं ठिसूळच राहतं.

मुलगी इफ्रा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकायची. ती म्हणाली होती, "अब्बा, हा रंग पोलादाचा नाहीच. तापल्यावर वर अगदी पातळ पापुद्रा धरतो. थोडा उजेड त्याच्या वरच्या अंगानं परततो, थोडा खालच्या. दोन्ही एकत्र आले की काही रंग विझतात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर होतं ना, तसंच. पापुद्रा जाड झाला की रंग बदलतो."

"असंल. मला जांभळा दिसला म्हंजे झालं."

गेल्या पावसाळ्यात तोच दिसेनासा झाला. मोतीबिंदूनं सगळं पिवळट केलं होतं. इफ्रा शेड बंद करायला लावील, म्हणून ते बोलले नाहीत. अंदाजानं कोयते देत राहिले.

जानेवारीत मंद्रूपहून ऊसतोड करणाऱ्या संगप्पाचा फोन आला. श्रीपूरच्या उसाच्या फडात त्याच्या बायकोचा, नागव्वाचा, फकीरभाईंकडून नेलेला कोयता मोडला होता. उडालेल्या तुकड्यानं पोटरीची शीर तुटली होती.

फकीरभाईंनी त्याच खेपेतले उरलेले कोयते इफ्रासमोर ठेवले.

"कुठला रंग हाय, बेटा?"

"तपकिरी."

"सगळ्यांवर? जांभळा कुठंच न्हाय?"

"नाही, अब्बा." आणि तेव्हा तिनं पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं मंद्रूपला गेले. नागव्वा बाजेवर पडून होती. "लोखंडच ते, मोडतंय की," ती म्हणाली. "तुमी कशाला रडताय, चाचा?"

"लोखंडाची चूक न्हाय, पोरी. मला रंग दिसत नव्हता. मी कुणाला सांगितलं न्हाय."



"मग सांगायचं की ओ," नागव्वा हळूच म्हणाली, आणि भिंतीकडं वळली.

त्या खेपेचे कोयते नेलेल्यांना इफ्रानं फोन करून ते परत मागवले. पुढं फकीरभाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, रंग पुन्हा लख्ख दिसू लागले. नागव्वाचा पाय मात्र टेकत नाही. फडावर संगप्पा एकटाच जातो. फकीरभाई शेडमध्ये विळ्या-कात्र्यांना धार लावतात. पाणी द्यायला कुणी कोयता आणला, तर त्याला दुसऱ्या लोहाराचा पत्ता सांगतात.