मिठागराच्या वाटेवरचा दिवा

अगं, दारात उभी राहून काय बोलतेस? ये, अशी जवळ बस. महिना उलटून गेला, मावशी कशी आहे म्हणून एकदा तरी डोकावायचं होतंस. आता तुझा नवरा फौजदार झालाय, म्हणून आमच्या ह्यांच्या नोकरीतली एक हकीगत सांगते. विसरायला नको म्हणून कागदावरही उतरवून ठेवलीय. ह्यांनी पोलिसात किती तपास केले, पण माझ्या मनातून हाच एक जात नाही. नाव मात्र कुणाचं घेणार नाही.

आम्ही तेव्हा ठाण्यात, कोपरीला होतो. म्युनिसिपालटीने घासलेटचे नवे दिवे लावले होते. त्यातला मिठागराच्या वाटेवरचा दिवा तिन्हीसांजेला लावला की थोड्याच वेळात विझायचा. लोकांनी अर्ज केले. बत्तीवाल्याने काच बदलली, वात बदलली, तरी तेच. मग रेल्वेतले एक कारकून त्या अंधारात वाटेकडेच्या चरात पडले आणि त्यांचा पाय मोडला. लोक खवळले. दुसऱ्याच दिवशी चौकीवर खबर आली, की बत्तीवाला दिव्यात तेल कमी घालतो आणि उरलेलं घरी नेतो.

ह्यांनी दोन पंच घेऊन त्याच्या घराची झडती घेतली. डबाभर घासलेट निघालं. पंचनामा झाला, त्याला चौकीत आणून बसवलं.

"विझलेल्या दिव्यातलं तेल आहे, साहेब. कचेरीत परत द्यायला ठेवलंय."

"दिवा विझतो कशाने?"

"वाऱ्याने असेल."

जमादार म्हणाला, "वारा बाकीच्या दिव्यांना घाबरतो वाटतं."

त्यावर तो मान खाली घालून बसला. दोन दिवस तेच. नोकरी जाणार, तुरुंग होणार, हे त्याला दिसत होतं. घरी लहान मुलं होती. हे जेवताना म्हणाले, "चोर इतका गप्प बसत नाही. चोर कुणाचं तरी नाव पुढे करतो."

आमच्याकडे मीठ घेऊन मिठागरावरची एक बाई यायची. मी तिला त्या दिव्याबद्दल सहज विचारलं. तिने टोपली खाली ठेवली.

"बाय, तुमचे घरामागं आडोसा हाय. आमी कुटं जावाचा?"

मला आधी कळेना. मग तिने सांगितलं. दिवस मावळला की तिथल्या बाया वाटेकडेच्या बांधामागे परसाकडेला बसायच्या. आता नेमका तिथेच खांब आला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना सगळं दिसायचं. म्हणून बांबूच्या टोकाला ओलं फडकं बांधून त्या दिवा विझवायच्या.

"बत्तीवाल्याला ठाऊक आहे?"

"त्यानं बगितला एकदा. मान फिरवून गेला. त्याची बायको बी आमच्यातच असते ना."

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "जबाब लिहिला तर या बायांना कोर्टात उभं राहावं लागेल," एवढंच म्हणाले.

सकाळी त्यांनी अहवाल लिहिला. तेल परत देण्यासाठी ठेवलेलं होतं, गुन्हा शाबीत होत नाही. खांब चुकीच्या जागी आहे, तो चराच्या वळणावर हलवावा. वरच्या साहेबांनी विचारलं, दिवा विझवणारा कोण? ह्यांनी लिहिलं, तपासात आढळून आला नाही. मला वाटतं, कागदावर लिहिलेलं त्यांचं तेवढं एकच खोटं. त्यापायी बढती मागे पडली, पण त्याबद्दल घरात कधी शब्द काढला नाही.

बत्तीवाल्याला सोडायला हे स्वतः गेले. तो उठला नाही. म्हणाला, "बायांची नावं लिहिलीत का, साहेब?"

"नाही."

मग तो उठला.

ह्यांना ते फार लागलं होतं. नंतर कितीदा म्हणायचे, "मी अर्जदारांना विचारलं, पंचांना विचारलं, बत्तीवाल्याला दोन दिवस विचारलं. ज्यांच्या वाटेवर दिवा लावला, त्या बायांना विचारावं असं मला सुचलंच नाही." म्युनिसिपालटीलाही सुचलं नव्हतं. दिवा त्यांनी चांगल्या मनानेच लावला होता, बाई.

तुझ्या नवऱ्याला हे सांग. नाहीतर असं कर, त्यालाच घेऊन ये. येत्या रविवारी या, जेवायलाच या. आता उशीर नको करूस.