ओल्या फडक्याखाली

वडील पुण्याहून बंगलोरच्या कारखान्यात आले आणि आम्ही जयनगरात राहू लागलो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेआधी त्यांनी बजावलं, "नापास झालीस तर शिक्षण बंद. तुझ्यामागे अजून दोघी आहेत." ते उगाच बोलणारे गृहस्थ नव्हते.

बेडकाचं हृदय उघडून दाखवायचं होतं. तो पुरता निपचित होईपर्यंत क्लोरोफॉर्मच्या बरणीत ठेवायचा असतो. वेळ वाचावा म्हणून मी माझा लवकर बाहेर काढला. प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळ्या अण्णा म्हणत असू, त्यांनी आपल्या कन्नड वळणाच्या मराठीत हटकलं, "स्वल्प थांब, अक्का."

"मेलाय तो, अण्णा."

"त्यानं सांगितलं तुला?"

शेजारच्या टेबलावरची निपाणीची मुलगी फिसकन हसली.

मेणाच्या ट्रेमध्ये त्याला उताणा ठेवला, चारही पायांतून टाचण्या खोचल्या, पोट उघडलं. हृदय धडधडत होतं. बेडूक मेल्यावरही ते बराच वेळ चालतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. परीक्षक जेवणानंतर तपासत; तोवर काम सुकू नये म्हणून त्यावर ओलं फडकं घालायचं. मी ते घातलं. अण्णांनी खोलीला कुलूप लावलं.

डबा खाऊन परतलो तर माझ्या ट्रेवरचं फडकं सपाट दिसलं. उचललं. चारही टाचण्या मेणात ताठ उभ्या होत्या. दोन टाचण्यांना पातळ कातडीच्या चिंध्या अडकल्या होत्या. बेडूक नव्हता.

"अगं, पळाला?" निपाणीची कुजबुजली. "पोट उघडं टाकून?"

परीक्षक दोन टेबलं पलीकडे होते. बेडूक नाही तर मार्क नाहीत. मी टेबलाखाली पाहिलं, बरण्यांच्या कपाटामागे पाहिलं. बरण्यांतल्या सापांचे पांढुरके डोळे माझ्याकडे होते. मग जाणवलं, काहीतरी ऐकू येत नाहीये. कोपऱ्यातल्या सिंकचा नळ गळका होता. वर्षभर त्याची टपटप ऐकत आम्ही काम केलं होतं. ती थांबली होती.

तो नळाखाली बसला होता, आमच्याकडे पाठ करून. थेंब त्याच्या पाठीवर पडत होते.

अण्णांनी त्याला दोन्ही तळव्यांत उचललं, तोंडाजवळ नेऊन कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले आणि ट्रेमध्ये उताणा ठेवला. मी टाचण्या उपटून हातात घेतल्या होत्या. बेडकाने पुढचे दोन्ही पाय आपणहून पसरले, बरोबर जुन्या भोकांवर. मग मागचे. मी टाचण्या खोचल्या. माझे हात थरथरले नाहीत, हे आज सांगायला बरं वाटत नाही.

परीक्षक वाकले. "हृदय छान चालतंय. स्वच्छ काम आहे." श्वासाने गळाही हलत होता. त्यांनी तो पाहिला नाही, किंवा पाहून सोडून दिला.

मी पहिल्या वर्गात पास झाले. आता मीच शिकवते, आणि बेडकाच्या डोळ्याला सुईचं टोक लावून पाहिल्याशिवाय कुठल्याही मुलीला पुढे जाऊ देत नाही.

निकालानंतर अण्णांना पेढे द्यायला गेले तेव्हा विचारलं, त्या दिवशी त्याला काय सांगितलंत?

"काय सांगणार?" पेढा तोंडात टाकत ते म्हणाले. "अक्काची परीक्षा आहे म्हटलं."