ताईच्या पोत्याला हात

पोत्यापाशी वाकल्यावर सुजाताताई थांबली कशाला होती?

हा प्रश्न मी शिट्टीवाल्या पंचाला विचारला. तिच्या जिमच्या सरांना विचारला. खुद्द ताईला तर इतक्यांदा विचारला की ती कानांवर हात ठेवायची. एकानंही धड उत्तर दिलं नाही. आणि तिच्या त्या एवढ्याशा थांबण्यापायी मी नागपुरात असा काही तमाशा केला, गड्यांनो, की ऐकता ऐकता हातातला चहा सांडेल. कप खाली ठेवा आधी.

मी संघपाल. सिहोऱ्यात सगळे संघ्या म्हणतात. नववीत शाळा सुटली. खरं सांगायचं तर शाळेनंच मला सोडलं. तेव्हापासून धान खरेदी केंद्रावर हमाली. ताई माझ्याहून मोठी. ती राइस मिलमध्ये कामाला जायची, दिवसभर कोंड्याच्या धुळीत खोकायची आणि संध्याकाळी तलावाच्या पाळीवर धावायची. पाळीवरच्या बाया विचारायच्या, "काहून व सुजाता, मांगं कोण लागलं?" मागं मीच असायचो, सायकलवर, पाण्याची बाटली घेऊन. सायकलवर असूनही मागंच!

तिचं धावणं तुमसरच्या एका जिमवाल्या सरांनी पाहिलं. ते म्हणाले, "नागपूरला एक शर्यत आहे. पहिल्या तिघींत आलीस, तर माझ्या जिममधली बायांची सकाळची बॅच तुझी. तू शिकवायचं."

ताई त्या दिवशी घरी आली आणि मिलची ओढणी झटकत आईला म्हणाली, "आई, ही धूळ आता थोड्याच दिवसांची." बस. तेव्हापासून आमच्या घरात 'पहिल्या तिघी' हा एकच विषय.

आता ही शर्यत काय असते? तिथं माणसाला सुखानं धावूही देत नाहीत. एक किलोमीटर धावलं की थांबवून काम सांगतात. लोखंडी गाडा ढकल. मग परत धाव. मग बसल्या जागी होडी वल्हव. पाणी नाही, होडी नाही, नुसतं वल्हव! परत धाव. दोन्ही हातांत वजनं घेऊन चाल. परत धाव. मग वाळूचं पोतं खांद्यावर घे आणि एकेक गुडघा जमिनीला टेकवत जा.

मी म्हटलं, "ताई, हे तं आपण रोजच करून राहिलो. याले शर्यत कायले म्हणतात?"

"आपल्या इथं टाळ्या वाजवत नाहीत न बे, म्हणून," ताई म्हणाली.

सरांनी मला काम दिलं. ताईला प्रत्येक कामाला किती वेळ लागतो, ते मोबाईलवर मोजायचं आणि त्यांना पाठवायचं. "संघपाल, तू तिचा विश्लेषक," म्हणाले. हा शब्द जिभेवर बसायलाच मला आठवडा लागला. पण एकदा बसल्यावर काय विचारता! केंद्रावर धानाचे कट्टे, म्हणजे पोती, वाहताना मी बाकीच्या हमालांचंही विश्लेषण करायला लागलो. "तुझा डावा पाय मागं पडून राहिला बे." त्यांनी मला एक दिवस धानाच्या ढिगात टाकलं.

तर माझं विश्लेषण असं. धावण्यात ताई चांगली. गाडा ढकलण्यात बरी; आम्ही ट्रॅक्टरच्या टायरला दोर बांधून सराव करायचो. होडीत कच्ची. आणि पोत्यात? पोत्यात तिच्यासारखी कोणी नाही! वाकली की क्षणात पोतं खांद्यावर.

सरांचा फोन आला. "पोत्याचा वेळ नक्की खरा आहे ना? इतक्या लवकर कोणी उचलत नाही."

"एकदम खरा, सर! मी सोताच्या डोळ्यानं पाह्यला."

डोळ्यांनी पाहिला होताच. फक्त त्या डोळ्यांना माझेच दोन हात दिसले नव्हते.

कसं आहे, आमच्या हमालीत कट्टा कोणी एकट्यानं उचलत नाही. माणूस कट्ट्यापाशी वाकून थांबला की जो जवळ असेल तो येतो आणि हात लावतो. बोलावं लागत नाही. ओळखीचा असो, भांडण झालेला असो, हात लावतो. याला आम्ही मदत म्हणतच नाही. घोट घेतला की गिळायचा, तसं ते. त्यामुळं अंगणात ताई वाकायची, थांबायची, मी मोबाईल दातांत धरायचो, दोन्ही हातांनी पोतं तिच्या खांद्यावर चढवायचो आणि परत मोबाईल हातात घेऊन वेळ पाहायचो. झकास वेळ! तिलाही त्यात काही वाटलं नाही आणि मलाही. आमच्या दोघांच्या डोक्यात ते पोतं तिनंच उचललेलं होतं.

शर्यतीचा दिवस आला. नागपुरात भला मोठा मंडप, आत गाणी, दिवे, आणि बायांच्या पायांत असे जोडे की मला वाटलं आपण लग्नात आलो. सर प्रेक्षकांत बसले. मी दोरीला चिकटून उभा, व्हिडिओ काढत.

ताई धावली. काय धावली! गाड्यात दोघींना मागं टाकलं. होडीत एक पुढं गेली, तिला पुढच्या किलोमीटरमध्ये परत गाठलं. पोत्यापाशी आली तेव्हा तिच्या पुढं दोघीच होत्या. त्यातली एक, निळ्या कपड्यांतली, आधीच पोत्याशी झटत होती. म्हणजे ताई तिसरी! बॅच हातात! धूळ संपली!

ताई पोत्यापाशी वाकली. आणि थांबली.

मान जराशी वळली.

मी विचार केला नाही, हो. खोटं कशाला सांगू? मोबाईल दातांत धरला, दोरीखालून शिरलो आणि लावला हात. पोतं खांद्यावर. ताई सवयीप्रमाणं उठली आणि गुडघा टेकवत चालूही लागली.

आता इथं थांबलो असतो तर निदान अर्धीच अब्रू गेली असती. पण शेजारी ती निळी वाकलेली! एकीला हात लावला आणि दुसरीला तसंच सोडून आलो, तर कसं दिसतं ते? आमच्या केंद्रावर असं केलं तर दुसऱ्या दिवशी कोणी बोलणार नाही. मी तिचंही पोतं चढवलं.

"अहो! हे काय? कोण तुम्ही?" ती पोत्याखालून किंचाळली.

तोंड मोबाईलनं भरलेलं असताना 'राहू द्या, काही नाही त्यात' म्हणायला गेलो, तर नुसतं 'आऊ ऊ आ' निघालं. ती आणखी किंचाळली.

मग शिट्टी! पांढऱ्या टोपीचा पंच धावत आला.

"बाहेरच्या माणसाची मदत! दोघींनाही दंड! दोघींचा वेळ वाढणार!"

मी मोबाईल काढला. "मदत कुठं केली, साहेब? नुसता हात लावला."

"हात लावला म्हणजेच मदत!"

"मंग मी तिच्यासंगं धावलो असतो तं?"

"तरी दंड!"

"ती वाकून थांबली होती. थांबली काहून, ते विचारा न तिले!"

त्यानं विचारलं नाही. दोघा पोरांना बोलावलं आणि माझे दोन्ही दंड धरून मला बाहेर न्यायला लावलं. वाटेत एक माणूस पाण्याचा ड्रम उचलायला वाकला होता. मी जाता जाता त्यालाही हात लावला. "थँक्यू, भाऊ," तो म्हणाला. त्या अख्ख्या मंडपात मला थँक्यू म्हणणारा तो एकटा.

नाही, चुकलो. आणखी एक होती. निकाल लागला तेव्हा निळी खाली गेलेली, आमची ताई चौथी. आणि जी फुकटात तिसरी झाली, ती मला शोधत आली, हात जोडले आणि म्हणाली, "दादा, पुढच्या वर्षीही या हं."

परतीच्या बसमध्ये सर मधल्या सीटवर निकालाचा कागद घेऊन बसले, एका बाजूला ताई, एका बाजूला मी. मी खिडकीत तोंड घालून.

"धावणं छान," सर म्हणाले. "गाडा छान. पण पोत्यापाशी तू थांबलीस कशाला? तिथं तू सगळ्यांत भारी आहेस! संघपाल, व्हिडिओ दाखव."

दाखवला. ताई वाकते, थांबते, मान वळते. त्यानंतर सगळा अंधार, आणि अंधारात माझे दात.

सरांनी बराच वेळ दातांकडे पाहिलं. मग सावकाश विचारलं, "संघपाल, घरी सराव करताना पोतं कोण उचलायचं?"

"ताई."

"एकटी?"

"एकटीच. मी नुसता हात लावायचो."

सरांनी डोकं समोरच्या सीटवर टेकवलं, ते वरठी येईपर्यंत उचललं नाही. आणि ताई? मला वाटलं, आता बसमधून खाली टाकते. तिनं तोंडावर ओढणी घेतली. खांदे हलायला लागले. मी घाबरून म्हटलं, "ताई, रडू नको न व."

तिनं ओढणी काढली. हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अबे, त्या निळीचं तोंड पाह्यलं का तू? 'कोण तुम्ही!'"

"पण थांबली काहून होती तू?"

"वेणी आली होती पोत्याखाली."

घरी विचारलं तर म्हणाली, जोड्याची नाडी सुटली होती. आईसमोर म्हणाली, घाम डोळ्यात गेला. दर वेळी नवीन उत्तर. मला एकदाही म्हणाली नाही की संघ्या, तुझ्यामुळं मी आणखी एक वर्ष कोंडा खाल्ला. रोज सकाळी डबा घेऊन खोकत मिलमध्ये जात राहिली.

दुसऱ्या वर्षी परत नागपूर. सराव तिनं एकटीनं केला. मला बाजेवर बसवायची आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवायला लावायची. आणि शर्यतीच्या दिवशी, जोडे घालून झाल्यावर, तिनं तिच्या दोन्ही चपला माझ्या हातांत दिल्या. उजव्या हातात एक, डाव्या हातात एक.

"पोरांनो, याच्याकडं पाह्यजा," ती दोरीपाशी उभ्या पोरांना म्हणाली. मग मला, "मी कितीबी वाकली, पडली, मेली, तरी या चपला खाली ठेवायच्या नाहीत. म्हण."

"नाही ठेवत."

मी एवढ्या लोकांत दोन हातांत दोन चपला उंच धरून उभा! लोकांना वाटलं, मी पंचाला मारायला आलोय. तोच पांढऱ्या टोपीवाला होता. तो माझ्यापासून लांब लांब चालत होता. ताई पोत्यापाशी आली. वाकली. या वेळी थांबली नाही. उचललं, चढवलं, गेली. दुसऱ्या नंबरानं आली!

मिल सुटली. बॅच मिळाली. सकाळी तुमसरच्या त्या जिममध्ये बाया साड्या खोचून पोती उचलायच्या आणि ताई ओरडायची, "कोणी कोणाले हात लावायचा नाही! माह्या भावाले विचारा काय होते ते!" माझी कीर्ती अशी तालुकाभर.

यंदा धानाची रोवणी आटपता आटपता ताईला ताप आला. दवाखान्यात नेली. ती परत आली नाही. हे वाक्य मला अजून सावकाश म्हणता येत नाही, म्हणून भरभर म्हटलं.

दवाखान्यातून तिचं सामान दिलं, त्यात चपला होत्या. त्या मी घेतल्या. एक उजव्या हातात, एक डाव्या हातात. घरी आलो, तिला पांढऱ्या कापडात ठेवलं, बुद्धवंदना झाली, तरी माझ्या हातांतून त्या कोणाला सोडवेनात. आईनं सांगून पाहिलं. सर आले होते, त्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तिरडी उचलायची वेळ आली. तिघं जण वाकले. एक कोपरा रिकामा.

मामा म्हणाला, "संघ्या, चपला ठेव बाप्पा. हात लाव."

"ताईनं नाही म्हटलं हाय."

"काय नाही म्हटलं?"

"चपला खाली ठेवायच्या नाही म्हटलं. हात लावायचा नाही म्हटलं."

मामाला काय कळणार? पण तिघं वाकून थांबलेले. वाकलेल्या माणसाला मी आजवर कधी तसं सोडलेलं नाही.

मी चपला खाली ठेवल्या, जोडीनं, तिच्या पायांच्या बाजूला. वाकलो. आणि खरं सांगतो, हसा पाहिजे तर, मान वळवून पाहिलं, पांढऱ्या टोपीवाला शिट्टी वाजवत येतो का. आला असता तर त्याच्या पाया पडलो असतो.

कोणी आलं नाही. मग मी हात लावला.